रक्ताची साक्ष

'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' ही म्हण मी आजवर वर्गात शेकडो वेळा वापरली असेल. वही घरी विसरली म्हणणाऱ्या पोराला, चित्र पुरे केले आहे पण भावाने फाडले म्हणणाऱ्या पोरीला, मी हीच म्हण ऐकवीत आलो. मुले हसत, मीही हसे. समोरच्या चाळीस मुलांत ती म्हण शब्दशः अंगाला लावून घेणारे एखादे असेल, ही शंका मात्र दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणापर्यंत माझ्या मनाला शिवली नव्हती.

मी तालुक्याच्या गावी चित्रकलेचा मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि त्यावर चित्रकलेची पदविका. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतल्या दोन लोकांनी वाचल्या. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच की विज्ञानाच्या बाई रजेवर असल्या म्हणजे त्यांचा तास बहुधा माझ्या वाट्याला येतो. त्या आठवड्यात शाळेत आरोग्य-तपासणी झाली होती आणि प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रावर त्याचा रक्तगट छापून आला होता. मुले आपापले गट एकमेकांना क्रिकेटच्या धावांसारखे सांगत होती. नववीच्या वर्गात शिरताच मला प्रश्न आला, "सर, रक्तगट येतो कुठून?"

उत्तर मला ठाऊक होते, निदान मला तसे वाटत होते. मी रंगीत खडू काढले. 'ए'ला तांबडा, 'बी'ला निळा आणि 'ओ'ला पांढरा. प्रत्येकापाशी दोन खडू असतात, मी सांगितले; एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला. पांढऱ्यासोबत तांबडा असला तर तांबडाच दिसतो, निळा असला तर निळाच दिसतो. तांबडा नि निळा एकत्र आले तर दोन्ही दिसतात, तो 'एबी'. पांढरा दिसायचा तर दोन्ही खडू पांढरेच असावे लागतात. मग मी एक तक्ता काढला : आईबापांचे गट एका बाजूला, मुलांचे दुसऱ्या बाजूला. तक्ता सुरेख झाला होता. माझे तक्ते सुरेखच होतात, हा माझा जुना दोष आहे.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, आई 'ओ' आणि वडीलही 'ओ', तर मुलगा 'बी' होईल का?"

"छे!" मी म्हणालो. "दोन पांढऱ्या खडूंतून निळी रेघ कशी उमटेल? अशक्य!" आणि आधीच तोंडावर आलेली ती म्हण मी वर जोडून दिली. वर्ग हसला. तो मुलगाही थोडा हसला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

(त्या घराची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत, घडले ते मात्र बदललेले नाही.)

विज्ञानाच्या बाई रजेवरून आल्या तेव्हा मी त्यांना माझा पराक्रम सांगितला. त्या थोड्या गंभीर झाल्या. "अशक्य म्हणालात? सर, मग मुंबई गटाचं काय?"

मला मुंबई गट ठाऊक नव्हता. त्यांनी मला एक पुस्तक दिले, आणि मग मीच हट्टाने मिळेल ते वाचू लागलो. रक्ताची ही सगळी कहाणी व्हिएन्नात सुरू होते. कार्ल लँडस्टायनर या डॉक्टराने १९०१ साली दाखवून दिले की एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले की काही वेळा तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात नि काही वेळा होत नाहीत. त्यावरून त्याने माणसांचे गट पाडले. त्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे गट वंशपरंपरेने कोणत्या हिशेबाने उतरतात, याचा नेमका उलगडा मात्र १९२४च्या सुमारास फेलिक्स बर्नश्टाइन या जर्मन गणितज्ञाने केला. मी फळ्यावर जे तीन रंगांचे खडू आणले होते, ते मूळचे त्याचे.

आणि १९५२ साली, जगाने हा हिशेब पक्का झाला असे मानले असताना, आपल्या मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका निराळ्याच रक्ताची हकीकत प्रसिद्ध केली. हे रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' भासे. पण त्या माणसांना 'ओ' रक्तही चालत नसे. त्याचे कारण पुढे कळले ते असे. 'ए' काय, 'बी' काय, ही दोन्ही द्रव्ये पेशीवर 'एच' नावाच्या एका मूळ द्रव्यावर चढवलेली असतात. काही थोड्या माणसांत हे 'एच'च तयार होत नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या खिशात निळा खडू आहे, पण रेघ ओढायला फळाच नाही. रेघ दिसत नाही म्हणून तपासणारा लिहितो : 'ओ'. अशा माणसाच्या मुलाला तो निळा खडू मिळतो आणि फळा मिळतो दुसऱ्या पालकाकडून. मग मुलाच्या रक्तात निळी रेघ लख्ख उमटते. दोन्ही पालक कागदावर 'ओ' आणि मुलगा 'बी'! ही माणसे विरळा. आपल्या देशात दहा हजारांत एखादे असे साधारणतः म्हणतात. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे. जगभर या गटाला आपल्याच शहराचे नाव आहे, आणि त्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर राहणारा मी मास्तर मुलांना 'अशक्य' म्हणून शिकवीत होतो.

मला लाज वाटली, पण खरे सांगायचे तर त्याहून अधिक आनंद झाला. माझी चूक होती, म्हणजे तो मुलगा सुटला! मी त्याच्या घरी जाऊन सांगणार होतो की बाबा रे, माझा तक्ता अपुरा होता. मनात मी वाक्येही जुळवून ठेवली होती.

मला जावे लागले नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर त्याची आईच आली. चित्रकलेच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोरगं चार दिवस धड जेवत नाही. बापाचं रक्तदानाचं कार्ड आणि माझ्या ऑपरेशनचा कागद काढून बसलंय."

मी तिला बसायला सांगितले आणि उत्साहाने मुंबई गटाची सारी हकीकत सांगू लागलो. ती लक्ष देऊन ऐकत होती. माझे संपल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमचा फळा बरोबरच होता, गुरुजी. तो माझ्या धाकट्या जावेचा. ती बाळंतपणातच गेली. दिरांनी वर्षात दुसरं लग्न केलं नि लांब निघून गेले. नऊ दिवसांचा होता तेव्हापासून माझ्या कुशीत आहे. दहावी झाली की सांगायचं ठरलं होतं."

आणि थोडे थांबून तिने विचारले, "पण तुम्ही आत्ता सांगितलंत ते मुंबईचं... तसंही असतं ना? मग मी त्याला तेच सांगू का?"

हा निबंध मी त्या एका प्रश्नासाठी लिहीत आहे. तिने मला खोटे बोलायची परवानगी मागितली असती तर उत्तर सोपे होते. पण तिच्या हातात मीच एक संपूर्ण खरी गोष्ट ठेवली होती. 'लॅन्सेट'मध्ये छापलेली, कोणत्याही डॉक्टराने दुजोरा द्यावा अशी. फक्त ती त्यांच्या घराची गोष्ट नव्हती. शास्त्रातले सत्य घेऊन घरातले असत्य रचता येते, हे मला त्या दिवशी कळले. आणि माझी दुसरी फजितीही तेव्हाच कळली. माझे उत्तर बरोबर निघाले होते, पण ते उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. ज्याला अपवाद ठाऊक नाही त्याने 'अशक्य' म्हणणे हा जुगार आहे. तो जिंकला तरी ज्ञान ठरत नाही.

रक्ताला साक्षीला बोलावण्याचा इतिहास पाहिला म्हणजे हा गोंधळ माझ्या एकट्याचा नाही हे दिसते. चार्ली चॅप्लिनवर १९४३ साली अमेरिकेत एका मुलीच्या पितृत्वाचा दावा लागला. मुलीचा गट 'बी', आईचा 'ए', चॅप्लिनचा 'ओ'. खुद्द डॉक्टरांनी सांगितले, हा बाप नव्हे. पहिल्या वेळी पंचांचे एकमत झाले नाही. १९४५ साली दुसऱ्या वेळी त्यांनी चॅप्लिनच बाप आहे असा निर्णय दिला, आणि मुलीसाठी त्याला आठवड्याला ७५ डॉलर द्यावे लागले. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यात रक्ताची साक्ष निर्णायक मानली जात नव्हती. वाचून आपण हसतो. पण त्या पंचांना रक्ताखेरीज आणखी काही दिसत होते का? समोर एक लहान मूल होते आणि त्याला कोणीतरी पोसायला हवे होते. त्यांनी चॅप्लिनवर अन्याय केला हे खरे. तरी ते ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते तो प्रश्न खोटा नव्हता.

रक्तगटाला 'हा नव्हे' एवढेच म्हणता येते; 'हाच' असे म्हणता येत नाही, कारण 'बी' गटाची माणसे कोट्यवधी आहेत. 'हाच' म्हणण्याची ताकद आली ती १९८४ साली, इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएचा ठसा सापडला तेव्हा. त्या ठशाचा पहिला उपयोग कोणासाठी झाला असेल? घानाहून इंग्लंडला परतलेल्या एका मुलासाठी. हा तुमचा मुलगा नव्हे, असे अधिकारी त्याच्या आईला म्हणत होते. १९८५ साली रक्ताने साक्ष दिली की तो तिचाच, आणि मुलगा घरी राहिला.

त्याहून मोठी कथा अर्जेंटिनाची. तेथे १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. पकडून नेलेल्या गरोदर बायका तुरुंगात बाळंत होत. पुढे त्यांना नाहीसे केले जाई, आणि मुले परस्पर दुसऱ्यांच्या घरी, कधी त्याच राजवटीतल्या माणसांच्या घरी दिली जात. त्या मुलांच्या आज्या १९७७पासून एकत्र आल्या. मधली पिढीच मारली गेलेली. आजी आणि नातू यांचे नाते सिद्ध करायचे कसे? मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञबाई १९८४पासून त्यांच्या मदतीला गेल्या. पेशीत एक डीएनए असा असतो की तो फक्त आईकडूनच येतो. आईच्या आईकडून आईला, आईकडून मुलाला. मधली आई जगात नसली तरी तो धागा तुटत नाही. १९८७ साली तेथे अशा नमुन्यांची राष्ट्रीय पेढी स्थापन झाली, आणि आजवर १३०हून अधिक नातवंडांचा शोध लागला आहे. त्यांतले बहुतेक सापडले ते मोठे झाल्यावर, ज्यांना आईबाप म्हणत वाढले त्यांच्याच घरांत.

मला वाटे की या आज्यांची गोष्ट आणि माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट यांची तुलनाच नको. तिथे मूल चोरले होते, इथे मूल सांभाळले होते. पण जसजसा विचार करू लागलो तसतसे वाटू लागले की तुलना करायलाच हवी, कारण हत्यार दोन्हीकडे एकच आहे. तेच रक्त आजीच्या हाती न्याय होते आणि संशयी नवऱ्याच्या हाती सुरी होते. म्हणून परीक्षेआधी विचारायचे ते हे की कोण विचारतो आहे, आणि उत्तराचा घाव कोणावर बसणार आहे.

आपल्या कायद्याने हा विवेक केलेला दिसतो. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातले ११२वे कलम सांगे की विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केले नसेल तर २८० दिवसांच्या आत, जन्मलेले मूल त्या विवाहातलेच मानावे. पतिपत्नींची गाठच पडणे शक्य नव्हते असे सिद्ध झाले तरच अपवाद. १ जुलै २०२४पासून नवा अधिनियम लागू झाला, पण हा नियम ११६व्या कलमात तसाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले की कोणी मागितली म्हणून रक्ताची तपासणी ऊठसूट करवायची नाही. २०१४ साली त्याच न्यायालयासमोर डीएनएचा अहवाल आलेलाच होता, तेव्हा ते म्हणाले की शास्त्राने सिद्ध झालेले सत्य कायद्याच्या गृहीतकापुढे झाकता येणार नाही. आणि २०२३ साली पुन्हा बजावले की नवराबायकोच्या भांडणात मुलाला प्यादे करून त्याचे रक्त तपासायला लावू नये. वरवर पाहता हे निर्णय एकमेकांना छेद देतात. मला तसे वाटत नाही. सत्य समोर आले तर ते नाकारू नये; पण सत्याच्या नावाखाली मुलाला सोलू नये. या दोन वाक्यांच्या मध्ये जी अरुंद वाट आहे तिच्यावरूनच न्यायाधीशांना चालावे लागते, आणि आईबापांनाही.

पण त्या शनिवारी माझ्यासमोर न्यायालय नव्हते. स्टुलावर बसलेली एक बाई होती आणि ती उत्तराची वाट पाहत होती.

मला कुंती आठवली. कुंतीने कर्णाला सत्य सांगितले. पण सांगितले केव्हा? युद्धाच्या तोंडावर, आणि आपले इतर मुलगे वाचावेत म्हणून. जे सत्य त्याला जन्मभर आधार झाले असते ते त्याच्याकडे मागणे बनून आले. कर्णाने राधेला सोडले नाही यात नवल काय! मग जाबाला आठवली. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाने आईला आपले गोत्र विचारले, तेव्हा ती म्हणाली की ते मलाही ठाऊक नाही. मुलगा विचारतो त्याच क्षणी, तिच्यापाशी आहे तेवढे सारे तिने त्याला देऊन टाकले. ते घेऊन तो गौतमाच्या आश्रमात गेला आणि जसेच्या तसे बोलला. जाबालेच्या उत्तरात बाप नव्हता, तरी सत्यकामाला पायाखाली जमीन मिळाली.

मी त्या बाईंना म्हणालो, "तुम्ही मुंबई गटाचं सांगितलंत तर तो विश्वास ठेवील. विज्ञानाच्या बाईही म्हणतील, असं असतं. पण उद्या त्याच्या वडिलांना रक्त लागलं आणि याने दवाखान्यात सांगितलं की ते मुंबई गटाचे आहेत, तर?"

ती म्हणाली, "ते बघून घेऊ. भीती दाखवू नका, गुरुजी. बरोबर काय ते सांगा."

तिचे बरोबर होते. पकडले जाण्याची भीती हे खरे बोलण्याचे फार हलके कारण आहे. मी पुन्हा विचार केला आणि अडखळत म्हणालो, "त्याने मला रक्तगट विचारला, पण त्याला विचारायचं ते वेगळंच आहे. 'मी तुमचा आहे ना?' असं त्याला विचारायचं आहे. त्याचं खरं उत्तर 'हो' असंच आहे ना?"

"म्हणजे काय!" ती जवळजवळ ओरडलीच.

"मग ते 'हो' मुंबई गटाच्या आधारावर सांगाल तर ते रक्ताच्या आधारावर उभं राहील. आणि रक्तात ते नाहीच. जिथे आहे तिथूनच ते सांगायला हवं."

ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून उठली आणि गेली. मी बरोबर सांगितले की पुन्हा एकदा मास्तरकी केली, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्याच्या घरातले सत्य आपल्या जिभेवर घेणे सोपे असते. त्याची किंमत आपल्याला द्यावी लागत नसते.

तिने सांगितले. नवराबायकोने दोघांनी बसून सांगितले. त्या जावेचा लग्नातला फोटो ट्रंकेत जपून ठेवलेला होता, तो त्याच्या हातात दिला. पोर रडले नाही. फोटो घेऊन माडीवर गेले. चार दिवस त्याने तिला हाकच मारली नाही. हे तिनेच मला नंतर बाजारात भेटल्यावर सांगितले, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत. "आणि पाचव्या दिवशी?" मी विचारले. "पाचव्या दिवशी सकाळी ओरडला, 'आई, डबा कुठाय?'" एवढे सांगून ती चालू लागली. सगळे ठीक झाले असे ती म्हणाली नाही, आणि मीही विचारले नाही. हल्ली समोर आली तर हसते, पण पूर्वीसारखी थांबून बोलत नाही. मला ते मान्य आहे.

तो मुलगा दहावी होऊन गेला. शाळा सोडताना नमस्काराला आला तेव्हा ती म्हण वर्गात वापरल्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, "सर, मला तक्ताच लक्षात राहिला. निळा खडू छान होता." मग जाता जाता मागे वळून विचारले, "त्या आईचा गट 'बी'च असेल ना, सर?"

मी 'नक्कीच' म्हणणार होतो. तिचा नवरा 'बी' असेल, दोघेही असतील. मला काय ठाऊक? मी म्हणालो, "असेल बहुधा. फोटो जपून ठेव."

गेल्या वर्षी विज्ञानाच्या बाई पुन्हा रजेवर गेल्या आणि नववीचा तास माझ्याकडे आला. रक्तगटाचा प्रश्नही आला. तो दरवर्षी येतोच. मी खडू काढले, तक्ता काढला. पण प्रथम मुंबई गटाची हकीकत सांगितली, आणि तक्त्याच्या खाली पांढऱ्या खडूने एक शब्द लिहिला : 'बहुधा'. मग म्हणालो, "मुलांनो, रक्तात काय आहे ते या तक्त्यावरून कळेल. घरात काय आहे ते घरी विचारायचं." मुलांना त्यात विशेष काही वाटले नाही. ती तक्ता उतरवून घेऊ लागली. एका मुलीने मात्र 'बहुधा' हा शब्द चौकटीत घातला, आणि का कोण जाणे, मला बरे वाटले.

आता दिवाळी आली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर पोरे पाटावर कुडकुडत बसतील आणि त्यांच्या पाठीला कोणाचे तरी तेलाने माखलेले हात लागतील. त्या हातांचा रक्तगट पाटावर बसलेले पोर विचारत नाही. पुढे कधी विचारलेच, तर मात्र त्याला खरे ते सांगावे. ज्यांच्या हातांची ऊब त्याच्या पाठीला ठाऊक आहे, त्यांनीच सांगावे; माझ्यासारख्या मास्तराच्या फळ्यावरून ते त्याला कळू नये.